चुकलेली उत्तरं घेऊन या

गुरुजी,

दसरा झाला की आमच्या घराला कडी लागायची. भात कापून, झोडून झालं की आई, बा, थोरला भाऊ, मी आणि आईच्या कडेवरचं धाकटं, सगळे गवताला जायचो. बोईसर स्टेशनच्या आसपास तेव्हा कारखाने थोडे होते आणि गवताच्या वखारी पुष्कळ. माळावरचं गवत कापायचं, पेंड्या बांधायच्या, डोक्यावरून वखारीत आणायच्या. तिथे ते दाबून त्याच्या गासड्या व्हायच्या आणि मुंबईच्या तबेल्यांना जायच्या. आम्ही त्याच गवताच्या खोपटात राहायचो. कुसळं कपड्यात, केसात, भाकरीत. आईच्या हाताला इतक्या चिरा असत की ती कालवणात बोट बुडवताना आधी डोळे मिटायची. बा खोकायचा. शाळा म्हणजे पावसाळ्यात करायची गोष्ट, असंच मला वाटे. दसऱ्याला सुटायची आणि होळीनंतर पुन्हा लागायची. मधल्या काळात ती चालू असते हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

ते तुम्ही येऊन सांगितलंत. मी चौथीत होते आणि तुम्ही आमच्या गावच्या एकशिक्षकी शाळेवर नवे आला होता. चिंचणीकडचे, केळी-चिकूच्या वाडीवाले, पांढरी पँट घालून गवतातून चालत आलात, आणि पँटीला चिकटलेली कुसळं बघून आई पहिल्यांदा हसली.

"पोरीला शाळेत पाठवा," तुम्ही म्हणालात.

"पाठवते की," आई म्हणाली. "तिच्या वाटचं गवत तुमी कापा."

तुम्ही खरंच विळा उचललात. दुसऱ्या की तिसऱ्या फटक्याला बोट कापून घेतलंत. आईने पदराची चिंधी फाडून बांधली आणि म्हणाली, "गुरुजी, इळा ठेवा तो. तुमचा खडूच बरा."

तुम्ही गेला नाहीत. समोरच्या गंजीकडे बोट दाखवून मला म्हणालात, "हिच्यात पेंड्या किती असतील? एकेक मोजायची नाही."

"मग कशा कळतील?"

"ते तू मला सांगायचंस." आणि निघून गेलात.

मला राग आला होता. मास्तरने प्रश्न विचारायचा, आपण चुकायचं, मग त्याने उत्तर सांगायचं, असा रिवाज होता. उत्तर न सांगता जाणारा मास्तर मी पाहिला नव्हता. मी गंजीभोवती फिरत राहिले. खालचा थर मोजता येत होता. वर थर किती तेही दिसत होतं. पण गंजी वर निमुळती होत जाते, वरच्या थरात पेंड्या कमी. तिथे माझं सगळं अडलं. तुम्ही पुन्हा आलात तेव्हा मी लांबूनच ओरडले, "वर कमी होतात, गुरुजी!"

"मग?"

"वरच्या कमी हायत आणि खालच्या जास्ती. खालच्या थोड्या वर नेल्या तर सगळे थर सारखे होतील."

"कशावरून?"

शाब्बास नाही, काही नाही. मी तुमच्यासमोर रडले, गुरुजी. रडत रडत लहान गंजी रचून दाखवली. त्या पेंड्या किती हे तुम्ही मला शेवटपर्यंत सांगितलं नाहीत. तुम्हाला ठाऊक होतं की नाही, तेही मला माहीत नाही.

आईनेच शेवटी मला सोडलं. "ही आता गवत कापायचं सोडून गंजीकडं बघत बसते," ती तुम्हाला म्हणाली. "घेऊन जा तुमी. माझ्या कामाची नाय राहिली." मावशीच्या घरी मला ठेवलं, आणि त्या वर्षी माझी शाळा दसऱ्याला सुटली नाही.

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. कुणी विचारलं नाही तरी हे मी सांगते, आणि तुमच्या दहाव्याला जमलेल्यांनाही सांगितलं. तुमच्या भाच्याला ते आवडलं नाही. तो म्हणाला, "बाई, इथे मामांबद्दल बोला." मी म्हटलं, "त्यांच्याबद्दलच बोलतेय."

मी शिक्षिका होऊन बोईसरजवळच्या शाळेत लागले तोवर तुम्ही विस्तार अधिकारी झाला होता. शाळा तपासणारे साहेब. साहेब येणार म्हणजे काय, हे आपल्या तालुक्यात कुणाला सांगायला नको. शाळा शेणाने सारवायची, नारळ आणायचा, हुशार पोरं पुढच्या ओळीत आणि उरलेली मागे किंवा घरी. साहेब विचारणार "सतरा नवे?", पोर ओरडणार, साहेब मान हलवणार, चहा. तुम्ही आमच्या शाळेत आलात ते थेट मागच्या ओळीत जाऊन जमिनीवर बसलात. एका पोराची पाटी हातात घेतलीत. त्याने बेचाळीसमधून सतरा वजा करून पस्तीस लिहिलं होतं. मी घामाघूम. तुम्ही त्याला विचारलंत, "हे तू कसं केलंस, मला शिकव." तो शिकवू लागला. दोनातून सात जात नाहीत, म्हणून त्याने सातातून दोन काढले होते. सांगता सांगता तोच थांबला. "गुरुजी," तो म्हणाला, "ह्ये उलटं झालं वाटतं." तुम्ही पाटी परत दिलीत आणि पुढच्या पोराकडे सरकलात.

मग तुम्ही तो फतवा काढलात. महिन्याच्या गटसंमेलनाला, म्हणजे आम्हा आसपासच्या शाळांच्या मास्तरांच्या बैठकीला, प्रत्येकाने आपल्या वर्गातलं एक चुकलेलं उत्तर घेऊन यायचं. पोराचं नाव सांगायचं नाही. ते पोर तसा विचार का करत होतं हे सगळ्यांनी मिळून शोधायचं. तोवर गटसंमेलन म्हणजे परिपत्रकं वाचायची, पोहे खायचे आणि बदल्यांच्या गप्पा. चुकलेलं उत्तर घेऊन जायचं म्हणजे आपली शाळा उघडी पाडायची! पहिल्या बैठकीला बहुतेकांनी शेजारच्या शाळेतली चूक आणली होती. सफाळ्याकडच्या एका गुरुजींनी तर बरोबर उत्तर आणलं. "साहेब, आमच्याकडे चुकतच नाहीत," ते म्हणाले. तुम्ही एवढे हसलात की तुमचा चष्मा पडला.

माझी चूक मला आठवते. एका रिक्षात तीन माणसं बसतात, तर चोवीस माणसांना किती रिक्षा लागतील? माझ्या वर्गातल्या मुलीने लिहिलं होतं, चार. मी फळ्यावर लिहिलं आणि म्हटलं, हिला भागाकार येत नाही. तुम्ही विचारलंत, "मुलगी कुठली?"

"बोईसरची. बाप कारखान्यात पाळीला जातो."

"त्याच्याबरोबर रिक्षात बसली असेल का कधी?"

मागून कुणीतरी म्हणालं, "अहो बाई, बोईसरच्या रिक्षात सहाजण कोंबतात!" सगळी बैठक हसली. तुम्ही हसला नाहीत. "मग भागाकार तिला येतो," तुम्ही म्हणालात. "सहाने चोवीसला भागलंय तिने. येत नाही ते आपल्याला. उदाहरण घालताना आपण बाहेर बघितलं नाही." दुसऱ्या दिवशी मी वर्गात तेच उदाहरण पुन्हा घातलं आणि रिक्षात किती बसतात ते पोरांनाच ठरवायला सांगितलं. तसा वर्ग त्याआधी मी कधी घेतला नव्हता. पोरं भांडली. एकजण म्हणाला, पोलीस उभा असेल तर तीन.

तिथूनच आपला वाद सुरू झाला. तुम्ही म्हणायचा, पाढे घोकून घेऊ नका, पोराला ते रचू द्या. मी म्हणायचे, घोकून घेणार. "तुमच्या वाडीतल्या पोराला रचायला वर्षभर आहे, गुरुजी. माझी पोरं गवताला जातात, वीटभट्टीला जातात. परत येतात तेव्हा वही नसते, पाटी फुटलेली असते. डोक्यात पाठ असतं तेवढंच उरतं."

"पाठ केलेलं आधी जातं, सुमन. समजलेलं राहतं."

"माझं नाही गेलं."

"कारण तुझं समजलेलं होतं."

"कारण माझं पाठ होतं!"

तुमच्या घरच्या, आम्हा सगळ्यांच्या काकी, आतून ओरडायच्या, "अहो, चाय पिऊन भांडा!" तुमच्या ओटीवर हा वाद किती वेळा झाला असेल, मोजता येणार नाही. तुम्हाला मुद्दाम उत्तर न देता थांबायची सवय होती, आणि मला ते थांबणं सोसायचं नाही.

मग तुमच्याच पुढाकाराने एका वर्षी तालुक्याच्या चौथीच्या गणिताच्या पेपरात तो प्रश्न आला: दिलेलं उदाहरण हव्या त्या रीतीने सोडवा आणि तुमची रीत समजावून लिहा. तालुक्यात बोंब झाली. तपासायचं कसं? प्रत्येक पोर वेगळं लिहिणार. मास्तर चिडले, पालकही आले, "उत्तर एकच असतं ना हो?" आणि त्याच सुमारास आत त्या डोंगराकडच्या शाळेतला प्रकार झाला.

मी तुमच्याबरोबर होते त्या दिवशी. तिथल्या गुरुजींनी ऐकलं होतं की या साहेबांना चुका आवडतात. म्हणून त्यांनी चुका बसवून घेतल्या होत्या. नाटक बसवतात तसं. कोणत्या पोराने काय चुकायचं, तुम्ही विचारल्यावर त्याने कसं समजावायचं, सगळं पाठ. तुम्ही एका मुलीला विचारलंत, बेचाळीसमधून सतरा गेले किती? ती उठली आणि एका दमात म्हणाली, "पस्तीस. गुरुजींनी पस्तीस सांगायला सांगितलंय. पण येतात पंचवीस."

मी हसून हसून वाकले. मग तुमच्याकडे बघितलं. तुमचा चेहरा पडला होता. परतताना गाडी येईपर्यंत तुम्ही फलाटावर उभेच राहिलात, बसला नाहीत. "मी त्यांना नवीन पाढा दिला," एवढंच म्हणालात.

ती गोष्ट तालुकाभर फिरली. वरच्या कचेरीत गेली तेव्हा तिचं रूप बदललं होतं: हे अधिकारी पोरांना चुका शिकवतात. शिष्यवृत्तीचा निकालही त्या वर्षी घसरला होता. निकाल का घसरला हे कुणी विचारलं नाही. पेपरातला प्रश्न गेला. तुम्हाला शाळांवरून काढून पाठ्यपुस्तकांच्या गोदामावर बसवलं. आम्ही निवेदन देऊ म्हटलं. तुम्ही म्हणालात, "नको. तुम्हाला नोकऱ्या करायच्यात." गुरुजी, मला त्याचा राग अजून आहे. पोरांसाठी तुम्ही सगळ्यांशी भांडलात, स्वतःसाठी एका माणसाशीही नाही. पुस्तकांचे गठ्ठे मोजत निवृत्त झालात. गोदामात पोर नसतं. तुम्ही तिथे काय केलंत एवढी वर्षं, हे मी तुम्हाला कधी विचारलं नाही, कारण मला ऐकवलं नसतं.

चुकांची बैठक मात्र आम्ही सोडली नाही. परिपत्रकात नाही, हजेरीत नाही. आम्ही काहीजण तुमच्या वाडीत जमायचो. केळी मिळायची, काकींचे टोमणे मिळायचे. "मास्तर लोक जगात चुका शोधायला जातात, यांना घरपोच लागतात." पानवेलीच्या मांडवाखाली तुम्ही बसायचा, आणि कुणी नवी चूक काढली की तुमचा चेहरा असा उजळायचा जसं कुणी पहिला चिकू आणून हातात ठेवलाय. नवी तरुण पोरं-पोरी शिक्षक होऊन यायला लागली होती. त्यांना तुम्ही साहेब म्हणून माहीतच नव्हता. त्यांना वाटायचं, वाडीतले एक म्हातारे गुरुजी आहेत, गणित उलटं करून बघतात.

त्याच पोरांनी गेल्या पावसाळ्यात विषय काढला. तो प्रश्न पेपरात परत आणायचा. तालुक्यात नवीन अधिकारी आले होते, ऐकून घेणारे होते. पेपर ठरवायची बैठक व्हायची होती. तुम्हाला सांगितलं. तुम्ही एवढंच विचारलंत, "तपासणार कोण?" मी म्हटलं, "आम्ही." तुम्ही आत गेलात. काकी म्हणाल्या, "आता दोन दिवस जेवायचे नाय बघ."

नंतर तुम्हाला अर्धांगाचा झटका आला.

मी आले तेव्हा तुम्ही मधल्या खोलीत खाटेवर होता. वाचा गेली होती. डावा हात हलत होता, डोळे सगळं ऐकत होते. काकी म्हणाल्या, "बोल ग काय तरी. सगळे येतात आणि रडतात. कंटाळलेत ते." म्हणून मी आपला वाद काढला. म्हटलं, गुरुजी, या वर्षीही माझ्या वर्गातल्या दोघी भट्टीवरून परत आल्या, आणि त्यांच्याजवळ पाढेच उरले होते, दुसरं काही नाही. आता बोला.

तुमचे ओठ हलले. आवाज आला, शब्द नाही. तुम्ही पुन्हा प्रयत्न केलात. डावा हात वर गेला आणि चादरीवर पडला. डोळ्यांतून पाणी आलं. मला वाटलं, मी हे काय केलं, पण तुमची नजर माझ्यावरून हलेना. ती रागावलेली नजर मला चांगली ठाऊक होती. तुम्हाला उत्तर द्यायचं होतं.

म्हणून मग तुमच्या बाजूनेही मीच बोलले. तुम्ही काय म्हणाला असता ते म्हटलं, मग माझं म्हटलं, मग पुन्हा तुमचं. "त्या दोघींना साताचा पाढा येतो, पण सात साती पन्नासला एक कमी हे त्यांना सुचतं का?" हे तुमचं. "सुचायला आधी सात साती यायला लागतं," हे माझं. "सुमन, तू गंजीभोवती फिरलीस तेव्हा तुला कुठला पाढा येत होता?" हे तुमचं. हे तुम्ही कधीच म्हणाला नव्हता. मला वाटतं, एवढी वर्षं तुम्ही हे राखून ठेवलं होतं. तुम्ही अर्ध्या तोंडाने हसलात.

मी म्हटलं, याचं उत्तर पुढच्या वेळी सांगते.

पुढची वेळ झाली नाही. आता मी एकटीच दोन्ही बाजूंनी बोलते, शाळेत जाताना, परत येताना. तुमची बाजू मला पूर्वी एवढी चांगली मांडता येत नव्हती. पण माझं म्हणणं मी सोडलेलं नाही, हेही लक्षात असू द्या. पोरांनी पाढे पाठ करायलाच हवेत. तुम्ही गेलात म्हणून मी वाद सोडून देईन असं समजू नका. मी वाद सोडला तर तुम्ही खरंच गेलात असं होईल.

पेपरची बैठक तुमच्या तेराव्यानंतर झाली. जायची इच्छा नव्हती. त्या तरुण पोरांनी मला उभं केलं. म्हणे, तुम्ही बोला, तुम्ही गुरुजींच्या विद्यार्थिनी. एका जुन्या मुख्याध्यापकांनी टोमणा मारलाच. "बाई, तुम्ही तर पाढेवाल्या ना? यांच्यात कधीपासून?"

"पाढेवालीच आहे," मी म्हटलं. "उद्याही घेणार पाठ करून. पण पाढा दिल्यावर पोर त्याचं काय करतं ते आपण बघतच नाही. भीती वाटते आपल्याला."

"भीती कसली? तपासायला वेळ कुणाकडे आहे?"

मी वाद घातला नाही. फळ्यावर उदाहरण लिहिलं: नव्याण्णव गुणिले सहा. खाली माझ्या वर्गातल्या पोरांच्या तीन रीती लिहिल्या. एक शिकवलेली उभी मांडणी, उत्तर बरोबर. एक शंभर सक सहाशे, त्यातून सहा कमी. आणि एक शंभर सक सहाशे, त्यातून एक कमी, म्हणजे उत्तर चूक. म्हटलं, घाला मार्क. आत्ता इथेच.

सगळे बोलायला लागले. तिसऱ्याला शून्य द्यायचं की निम्मे? पहिल्याने मांडणी केली, पण समजावलं कुठे? एकजण म्हणाला, तिसऱ्याला गोष्ट कळलीय, फक्त एक सहादा गेलाय हे विसरला. दुसरा म्हणाला, तेच तर कळलं नाही! चहा आला तो गार झाला. ते टोमणा मारणारे मुख्याध्यापक खडू घेऊन फळ्याजवळ उभे होते आणि दुसऱ्या कुणाला लिहू देत नव्हते. मग कुणीतरी, सवयीने, अगदी सहज म्हणालं, "गुरुजींना विचारू ना."

मुख्याध्यापकांनी खडू खाली ठेवला. मला तिथे बसून राहवेना, तरी मी बसून राहिले.

नवीन अधिकारी म्हणाले, "तिसऱ्याला निम्मे द्या. प्रश्न घ्या पेपरात."

गुरुजी, मला तुमची फार आठवण येते. बाकी कुणाला मी हे असं म्हणणार नाही. आमच्या घरात असं बोलायची पद्धत नाही. आई गेली तेव्हाही मी तिला काही म्हटलं नव्हतं. परवा वर्गात एका मुलाने वेगळंच काही केलं, आणि मी वहीत टिपून घेतलं वाडीत सांगायला. बसमध्ये चढले, मग आठवलं, आणि तशीच पुढच्या स्टॉपपर्यंत उभी राहिले.

गेल्या आठवड्यात आपल्या तालुक्यातल्या सगळ्या शाळांत, डोंगराकडच्या आणि किनाऱ्याच्या, चौथीचा गणिताचा पेपर झाला. त्यात तुमचा प्रश्न होता. पोरांनी तो आपापल्या रीतीने सोडवला, काहींनी बरोबर, काहींनी चूक, आणि रीतीला मार्क दिले गेले.